सगळ्यात हळू चालणाऱ्या कुत्र्याच्या चालीने

आमच्या रविवारच्या गटात सहा कुत्री आणि नऊ माणसं आहेत. सगळे कोथरूड, एरंडवणे, पाषाण या भागातले. गेली सात वर्षं आम्ही वेताळ टेकडी, हनुमान टेकडी आणि बाणेर-पाषाणची टेकडी एवढ्यावरच फिरतो. कधी तीन किलोमीटर, फार तर चार. कुत्रा पाळलेले ओळखीचे लोक विचारत असतात, आम्हालाही असा गट करायचा आहे, काय काय लागतं? दर वेळी फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून आज सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट अशी की त्या दिवशी गटात जे कुत्रं सगळ्यात अशक्त असेल, त्याच्यावरून अंतर, वेळ आणि चाल ठरवायची. माझी बाजरी गावठी आहे, वय सहा वर्षं, वजन 17 किलो. तिला सिंहगडही चढवता येईल. पण आमच्याबरोबर लाडू असतो, तो पग आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग गार करणं नीट जमत नाही. आणि सिंबा असतो, अकरा वर्षांचा लॅब्रॅडोर, मागचे पाय आखडलेला. रविवार या दोघांचा असतो. बाजरीला जास्त पळायचं असेल तर तिला मी बुधवारी एकटीला नेते.

हे मी शिकले ते एका एप्रिल महिन्यात. सहाला जमायचं ठरलं होतं, दोघांना उशीर झाला, आणि थांबूया म्हणता म्हणता निघायला सव्वाआठ वाजले. वरती सपाटीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. परतीच्या वाटेवर सिंबा एका झाडाखाली बसला. आधी वाटलं, दमला असेल. जवळ गेले तर लाळ चिकट, दोरीसारखी लोंबत होती, हिरड्या गडद लाल झाल्या होत्या आणि उठवलं तर मागचे पाय झोकांड्या खात होते. सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून त्याच्या पोटाखाली, जांघेत आणि पंजांवर पाणी ओतलं, वर्तमानपत्राने वारा घातला आणि चादरीत घालून त्याला खाली आणलं. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावावं लागलं. वाचला. चूक माझी होती, गट मी घेऊन गेले होते. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणासाठीही दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाहीत, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत आठच्या आत सगळी कुत्री गाडीत बसलेली असतात.

मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीत सातनंतर. त्याप्रमाणे वेळ दर महिन्याला थोडी थोडी सरकवावी. खडक तापलाय का हे बघायला तळहाताची मागची बाजू त्यावर टेकवून मनात सात आकडे मोजा. तुमचा हात टिकला नाही तर पंजाही टिकणार नाही. आपल्याकडचा काळा दगड संध्याकाळी सातलाही गरम असतो, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळची फेरी आम्ही ठेवतच नाही. आणि ऊन बाधलंच तर साधं गार पाणी वापरा, बर्फ नको. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात स्वतःच गरम होतो. पाणी ओतत राहायचं, वारा घालत राहायचं आणि लगेच डॉक्टरकडे निघायचं. कुत्रं उठून शेपूट हलवायला लागलं तरी निघायचंच.

वाट निवडताना मी तीन गोष्टी बघते: सावली किती आहे, मध्येच कुठून खाली उतरता येतं, आणि कुत्र्याला उचलून आणावं लागलं तर दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतात का. वेताळ टेकडी या तिन्हींत बसते. ती पुणे शहरातली सर्वांत उंच जागा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. शहर साधारण 560 मीटरवर आहे, म्हणजे पायथ्यापासून चढ दोनशे-अडीचशे मीटरचा. कोथरूड, लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पाषाणची पंचवटी अशा सगळ्या बाजूंनी वाटा आहेत, त्यामुळे कुठेही अडकलात तरी जवळची उतरण सापडते. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेपर्यंत डांबरी रस्ता जातो. सिंबासाठी आम्ही चढ टाळून तिथूनच सुरुवात करतो. वर गेल्यावर सपाटीवरून रमत गमत चालायचं, जिथे वास घ्यायचा असेल तिथे थांबू द्यायचं. कुत्र्याला वीस मिनिटं मनसोक्त हुंगायला मिळालं की ते तासभर ओढून नेल्यापेक्षा जास्त शांत होऊन घरी येतं. हे मी सहाही कुत्र्यांत पाहिलंय.

एक जागा मात्र टाळा. टेकडीवर जुनी दगडाची खाण आहे, तिथे पाणी साठतं. दिसायला सुंदर आहे, पण कडा उभ्या आहेत आणि पाणी खोल. पोहायची आवड असलेलं कुत्रं उडी मारेल, बाहेर येताना त्याला पाय रोवायला जागा मिळणार नाही. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. खाणीच्या आसपास दोरी आखूड धरायची, एवढं पक्कं.

पायऱ्यांच्या जागा, म्हणजे पर्वतीसारख्या, म्हाताऱ्या आणि जड कुत्र्यांच्या सांध्यांना वाईट. पावसाळ्यातले गर्दीचे गडही नकोत. तिथे शेवाळलेल्या पायऱ्या, घाबरलेली लहान मुलं आणि कणसं, भजी टाकलेला चिखल, यात कुत्र्याला काही सुख नाही. कड्याला आग्या मोहोळ असेल तर कुत्र्याला अंगावर आलेल्या माशांपासून पळताही येत नाही, कारण ते तुमच्या हातातल्या दोरीला बांधलेलं असतं. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा नेऊच नये. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी आहे, मुंबईचं संजय गांधी उद्यान बिबट्यांचं घर आहे. कुत्र्यांचे रोग, विशेषतः डिस्टेंपर, रानातल्या प्राण्यांना लागतात, आणि बिबट्याला कुत्रं हे सोपं खाणं वाटतं. शहराबाहेर डोंगराकडेला फिरत असाल तर अंधारात, पहाटे झुंजूमुंजूला किंवा दिवेलागणीला कुत्रं नेऊ नका. शहरातल्या टेकड्यांवरही बराच भाग वनखात्याचा आहे. फाटकावरची पाटी वाचा, तिथल्या चौकीदाराला विचारा. नियम बदलत असतात, आणि तो नाही म्हणाला तर वाद न घालता दुसरी वाट धरा.

आता गट कसा जमवायचा ते सांगते. सहा कुत्र्यांपेक्षा जास्त नको. प्रत्येक कुत्र्याला एक मोठं माणूस, आणि दोघं रिकाम्या हाताने: एक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. पुढचा वळणावर कोण येतंय ते बघतो आणि हात वर करतो. मागचा कोणी मागे पडतंय का ते बघतो. आमच्यातले एक निवृत्त काका, ज्यांचं कुत्रं तीन वर्षांपूर्वी गेलं, दर रविवारी न चुकता मागे चालतात.

नव्या कुत्र्याला आणताना फाटकाशी नाकाला नाक लावून ओळख करून देऊ नका. सगळं भांडण तिथेच होतं, कारण दोऱ्या ताणलेल्या असतात आणि जागा अरुंद असते. नव्याला दहा-पंधरा फूट अंतरावरून, सगळे ज्या दिशेला चाललेत त्याच दिशेला चालवायचं. दहा मिनिटांनी अंतर थोडं कमी करायचं. बाजूबाजूने चालताना कुत्री एकमेकांना वासाने वाचून घेतात, आणि वाकडा प्रसंग बहुतेक वेळा येतच नाही. लाडू पहिल्या दिवशी सगळ्यांवर भुंकला होता. तिसऱ्या रविवारी तो बाजरीच्या शेपटीखालून चालत होता. माजावर आलेली कुत्री, लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू आणि आदल्या दिवशी उलट्या-जुलाब झालेलं कुत्रं घरीच राहील. रेबीजची लस दर वर्षीची झालेली हवी, बाकीच्या लसीत लेप्टो आहे ना ते डॉक्टरांना विचारा, आणि महापालिकेचा परवाना काढून ठेवा.

दोरी सहा फुटी, साध्या पट्टीची. बटण दाबून लांब होणारी दोरी गटात अजिबात नको, ती माणसांच्या पोटऱ्यांना कापते आणि दोन कुत्र्यांची गुंतली तर सुटत नाही. गळ्यात पट्टा असू द्या, त्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला असावा, पण दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा. टेकडीवर कुत्रं मोकळं सोडू नका. माझी तर बोलावली की येते, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. मोर झुडपातून फडफडत उडाला की कोणाचंच कुत्रं ऐकत नाही.

आणि मोर निदान उडू तरी शकतो. साधारण मार्च ते ऑगस्ट टिटव्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच. मुरमात थोडीशी खळगी, बाजूने चार-दोन खडे, आणि मध्ये मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, टोकं आत करून मांडलेली. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालायला लागली की समजायचं, आपण फार जवळ आलोय. अशा वेळी पुढे जाऊन शोधू नका. दोरी आखूड करायची आणि आल्या पावली मागे फिरायचं. आमच्या गटात जो टिटवीचा आवाज पहिला ऐकेल तो "मागे" एवढंच म्हणतो आणि सगळे फिरतात.

ऑक्टोबरनंतर गवत वाळलं की सगळ्यात मोठा त्रास कुसळाचा. मोज्यात घुसलेलं कुसळ तुम्ही काढलं असेल, तेच कुत्र्याच्या अंगात काय करतं ते सांगते. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात. त्यामुळे ते फक्त पुढे जातं, मागे येत नाही. वरच्या शेपटीसारख्या भागाचा पीळ ओल लागली की सुटतो आणि टोक आत फिरवत नेतो. एका डिसेंबरात बाजरी तीन दिवस पुढचा डावा पंजा चाटत होती. बाहेरून काही दिसत नव्हतं, फक्त दोन बोटांच्या मधे वाटाण्याएवढी सूज. डॉक्टरांनी भूल देऊन ती उघडली तेव्हा आतून दीड सेंटिमीटरचं कुसळ निघालं, आणि ते बोटाच्या मुळाशी पोचलं होतं. कानात गेलं तर कुत्रं डोकं एका बाजूला झुकवून सारखं झटकतं. नाकात गेलं तर सलग शिंका येतात. अशा वेळी घरी चिमट्याने खोल शोधाशोध करू नका, लगेच दवाखाना गाठा. ऑक्टोबर ते जानेवारी आम्ही रुंद, मळलेल्या वाटांवरूनच चालतो, आणि केसाळ कुत्र्यांच्या बोटांमधले केस आधी कापून घेतो.

टेकडीवर उंदीरमारीची झाडं भरपूर आहेत, तिच्या काटक्या कुत्र्याला चघळू देऊ नका. पावसाळ्यात आणि नंतर गोचीड वाढतात. टिक फीवर लगेच दिसत नाही, एक-दोन आठवड्यांनी कुत्रं जेवण सोडतं, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. म्हणून गोचीड सापडली की तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवते. ती काढताना चिमटा कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, तेल, काडी यांच्या नादी लागू नये.

सापांची भीती बाळगायची गरज नाही, पण काळजी हवी. आपल्या टेकड्यांवर घोणस आहे, नाग आहे. कुत्रं नाक पुढे करून बघतं म्हणून चावा बहुधा तोंडाला किंवा पुढच्या पायाला होतो. जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट आवळायची नाही. कुत्र्याला चालू न देता उचलून न्यायचं. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र घरी, शनिवारी करायचा असतो: रविवारी सकाळी सातला कोणता दवाखाना उघडा असतो आणि कोणाकडे सर्पविषावरचं औषध ठेवलेलं असतं, हे फोन करून विचारून ठेवा. आमच्याकडे असे दोन नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत.

उचलून न्यायला काय वापरता? आम्ही जुनी सोलापुरी चादर वापरतो. सिंबा 32 किलोचा आहे, त्याला एकट्याने खांद्यावर घेणं शक्य नाही. चादर जमिनीवर पसरायची, कुत्र्याला पाठीकडून हळू सरकवून तिच्यावर घ्यायचं, आणि चार कोपरे दोघांनी धरायचे. घरी एकदा सराव करा, बिस्किटं देत देत, म्हणजे कुत्र्याला त्या झोळीची सवय होते. पिशवीत चादरीबरोबर गॉज, क्रेप बँडेज, पोविडोन आयोडीन, डोळा किंवा जखम धुवायला सलाईनची छोटी बाटली, बोथट टोकाची कात्री आणि चिमटा. एवढं पुरतं. माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही त्यांना विषारी आहेत.

पाणी माणसांचं वेगळं, कुत्र्यांचं वेगळं. 20 किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला साधारण एक लिटर लागतं, चालताना त्याहून जास्त. दीड तासाच्या फेरीला मी बाजरीसाठी पाऊण लिटर नेते, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं देते. निघायच्या आधी दोन तास पोटभर जेवण नको, मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. खाऊ म्हणून उकडलेलं रताळं किंवा अंड्याचा तुकडा चांगला. आपला डबा उघडताना मात्र लक्ष ठेवा. पोह्यात कांदा असतो, चिवड्यात बेदाणे असतात, आणि कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हे सगळं कुत्र्यांना बाधतं. मूठभर चिवडा प्रेमाने पुढे करणारे पुष्कळ भेटतात. "काका, तिला बेदाणे चालत नाहीत, हे रताळं द्या ना तुमच्या हाताने," असं म्हटलं की त्यांनाही वाईट वाटत नाही.

टेकडीवर रोज येणारे लोक, हे खरं तर सगळ्यात जास्त सांभाळायचे. वीस-तीस वर्षं सकाळी चढणारे आजी-आजोबा आहेत, त्यातल्या काहींना कुत्र्यांची मनापासून भीती वाटते. समोरून कोणी आलं की आम्ही वाटेच्या खालच्या बाजूला उतरतो, कुत्र्याला बसवतो आणि मध्ये आपण उभं राहतो. "आजी, या तुम्ही पुढे, मी धरलंय तिला." "काही करत नाही हो ती," हे वाक्य आम्ही वापरत नाही. समोरच्याच्या भीतीला त्याने काही उत्तर मिळत नाही. वेताळाच्या देवळात आणि पारावर कुत्री नेत नाही, दर्शनाला आळीपाळीने जातो.

टेकडीवरच्या भटक्या कुत्र्यांचा तो इलाका आहे. ती भुंकत आली तर पळू नका, ओरडू नका, दगड उचलू नका. गटाने एकत्र येऊन, आपली कुत्री आतल्या बाजूला घेऊन, त्यांच्याकडे टक लावून न बघता त्याच संथ चालीने पुढे निघायचं. हद्द संपली की ती थांबतात. शेळ्या-मेंढ्या चरत असतील तर राखणाऱ्याला आधी हाक मारून विचारायचं, "दादा, कुठल्या बाजूने जाऊ?" तो सांगेल तिकडून जायचं.

शी उचलायची, आणि पिशवी झाडाला अडकवून न ठेवता खाली आणायची. आम्ही झाकणाचा जुना प्लॅस्टिकचा डबा नेतो, त्यात सगळ्यांच्या पिशव्या मावतात. जंत शीतूनच पसरतात, शिवाय त्या मातीत मुलं खेळतात. वेताळ टेकडीतून रस्ता नको म्हणून 2023 मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने उतरले होते, आमचा अख्खा गट तिथे होता. ज्या टेकडीसाठी चाललो, तिच्यावर आपल्या कुत्र्याची घाण ठेवून येणं मला सहन होत नाही.

खाली आल्यावर लगेच गाडीत कोंबू नका. आम्ही सावलीत दहा मिनिटं बसतो आणि प्रत्येक जण आपल्या कुत्र्यावरून हात फिरवतो: आधी कानांच्या आत आणि मागे, मग काखा, जांघा, शेपटीखाली, आणि शेवटी चारही पंजे, एकेक बोट फाकवून. बाजरी आता पाय स्वतःच पुढे करते. हिरड्यांचा रंग बघायचा, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी परत यायला हवा. मग घरी.

सोमवारी सकाळी गटावर प्रत्येकाने तीन गोष्टी कळवायच्या: जेवलं का, शी नीट झाली का, लंगडत तर नाही ना. दहा वाजेपर्यंत ज्याचं काही आलं नाही, त्याला मी फोन करते.